काट्यावरची बाई

प्राजल, तू विचारलंस, सुरुवात कुठून करू.
बस आधी. ते स्टूल डुगडुगतं, भिंतीला टेकव.
झेरॉक्सचं दुकान आत्ताचं गं,
त्याआधी एकोणीस वर्षं सावर्ड्याच्या खाणीवर
मी वजनकाटा सांभाळला.
भरलेला ट्रक वजा रिकामा ट्रक, बाकी माती.
त्यामुळे मला हे संगीत सांगता येतं ते वजनानेच.

पहिल्यांदा ऐकलं कायतानच्या केबिनमधून.
दुपारचे अडीच, रांगेत चाळीस ट्रक,
आणि आत कुणीतरी पत्र्याच्या पिंपात उभं राहून
भांडत होतं.
मी खिडकीतून ओरडले, बंद कर रे ते!
तो म्हणाला, बाय, आधी तोलून तर बघ.

तर, डूमपासून सुरू कर.
सगळे म्हणतील नको, झोप येईल.
येऊ दे.
भरलेली बार्ज जुवारीत भरतीची वाट बघते
तेवढं सावकाश असतं ते. कँडलमास लाव,
दुपारी, जेवण झाल्यावर, दोरीवर कपडे वाळत असताना.

मग थ्रॅश. स्लेअर.
हा रिकामा ट्रक, उतारावर, दिवसाची शेवटची खेप,
फाळका सुटलेला, मागे लाल धूळ
आणि रस्त्याकडेला शाळेतून सुटलेली मुलं.
मजा येते, नाही म्हणत नाही.
मुलं मात्र विसरू नकोस.

सेपल्तुरा ब्राझीलचे.
नाव वाचून कायतान हसला होता,
म्हणाला, हा शब्द तर आमच्या चर्चमागे
दगडादगडावर कोरलाय. थडगं.
तिथे तू रेंगाळशील, मला ठाऊक आहे.
डबल बास म्हणजे काय, विचारत होतीस ना?
चवथीला दोन कडव्यांच्या मध्ये
तुम्ही मुली गायच्या थांबता
आणि घुमटं, शमेळ, कांसाळं एकदम सुटतात,
समईची वात हलते, काका लोक मागे सरकतात.
तेच. फक्त पायांनी.

मेशुगा पहिल्या महिन्यात नको.
हात एक हिशोब मांडतात, पाय दुसरा,
वाटतं चुकलेच,
आणि बऱ्याच वेळाने बेरीज जुळते.
मी आकड्यांची बाई, मला यांचाच सगळ्यात जास्त लळा.

ब्लॅक मेटल म्हणजे थंडी. आपल्याकडे नसलेली.
नॉर्वेतल्या त्या पोरांपैकी काहींनी चर्चं जाळली,
हे मी तुला सांगणारच, लपवणार नाही.
कायतानने तसली टेप कधी घेतली नाही.
मी एक घेतली. अजून ठरवता येत नाही
तिचं काय करावं.

शब्द कळत नाहीत म्हणतेस.
खाण बंद झाली त्या दिवशी साहेब
फार स्वच्छ मराठीत बोलले होते,
'पुढील सूचना मिळेपर्यंत'.
एकेक अक्षर कळलं.
कायतानचा ट्रक मग सहा पावसाळे अंगणात,
स्टिअरिंगला कारल्याचा वेल.
त्या रात्री मी डेथ मेटलची आख्खी बाजू ऐकली,
ती घशातली गुरगुर, जिला मी नेहमी पुढे ढकलायचे.
आई दारात येऊन उभी राहिली.
म्हणाली, कोण रडतंय गं?

गॉथिक, पॉवर, प्रोग, ते नंतर.
लिस्बनच्या मूनस्पेलचं नाव फक्त लिहून ठेव.

आणि काट्याचा एक नियम.
रिकाम्या गाडीचं वजन आधी लिहायचं,
नाहीतर भार किती, ते कळतच नाही.
म्हणून आज काही लावू नकोस.
घरी जा, फ्रीजचा आवाज ऐक,
पंख्याचा, शेजारच्या मिक्सरचा, स्वतःचा.
उद्या ये. टेप शोधून ठेवते.
दुसरी बाजू थोडी खरखरते,
खाणीची धूळ आहे आत,
पुसू नकोस.